पोत्याचा टाका

सावेडी, अहमदनगर
रविवार, ८ फेब्रुवारी १९९८

आदरणीय आण्णा,

माधुरीचा सविनय जयभीम. आईला जयभीम. सचिनला आशीर्वाद, पण बारावीचं वर्ष असून तो दिवसभर बॅट घेऊन फिरत असेल तर आशीर्वाद परत घेतले असं त्याला सांगा.

आम्ही दोघं इकडे खुशाल आहोत. तुमचा गळीत हंगाम जोरात असेल. रात्रपाळीहून येताना मफलर बांधत जा, कारखान्यातून घामेजलेलं अंग घेऊन नदीकाठच्या वाऱ्यात सायकल मारता आणि मग महिनाभर खोकता. माझ्या आधीच्या पत्रांना तुमचं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. पण आईनं सचिनकडून लिहवून घेतलं की पत्र तुम्ही वाचता आणि वाचून झालं की घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवता. मला तेवढं पुरे आहे. खिसा भरेपर्यंत लिहीत राहीन.

आज तुम्हाला आमच्याकडचं नवं यंत्र सांगायचंय. तुमच्या कारखान्यात नवा बॉयलर बसवला तेव्हा तुम्ही मला खांद्यावर घेऊन दाखवायला नेलं होतं. आता दाखवायची पाळी माझी आहे. तुम्ही येणार नाही, म्हणून कागदावर दाखवते.

एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये तान्ह्या बाळांच्या छोट्या गोधड्या, दुपटी, कुंच्या, लाळेरी असं सगळं तयार होतं आणि परदेशी जातं. गोऱ्यांची पोरंही लाळ गाळतात हे मला तिथे गेल्यावर कळलं. दिवाळीनंतर अमेरिकेहून हे यंत्र आलं. दोन बाजा लांबीला जोडून ठेवाव्यात एवढं त्याचं टेबल. त्यावर वरचं कापड, मधला कापूस आणि अस्तर असे तिन्ही थर ताणून बसवायचे. वर शिलाई मशीनची मान, पण तुमच्या हातापेक्षाही लांब. एरवी मशीन जागेवर असतं आणि बाई कापड सरकवते. इथे कापड गप पडून राहतं आणि मशीनच त्याच्यावरून चालतं. त्याला धरायला कोणी नाही. शेजारी कॉम्प्युटर आहे, तो माझ्याकडे. पडद्यावर मी जी रेघ काढून देईन तिच्यावरून सुई जाते. तुम्ही गावभर ‘आमची पोरगी कॉम्प्युटर शिकती’ म्हणून सांगायचा, त्याचा हा उपयोग झाला.

पहिल्या दिवशी आम्ही सगळ्या बायका भोवती उभ्या होतो. बदकांचा नमुना होता. सुई एका बदकाच्या चोचीपासून निघाली, पाठीवरून उतरली, शेपटीला वळली आणि दोरा न तोडता दुसऱ्या बदकात शिरली. तिसगावच्या छबूबाई माझ्याजवळ बसून सुटे दोरे कापतात, त्यांनी चटकन डोक्यावरून पदर घेतला. मी विचारलं, “काय झालं हो?” तर म्हणाल्या, “कुनीतरी मोठं मानूस आल्यावानी वाटलं बाई.” मी हसले, पण आण्णा, माझ्याही अंगावर काटा होता. अजूनही बटण दाबल्यावर पहिला टाका पडेपर्यंत मी श्वास धरून असते.

मागच्या महिन्यात साहेब म्हणाले की तिकडच्या लोकांना आता बदकं नकोत, आपल्याकडच्या हातगोधडीसारखं काहीतरी पाहिजे. कुणाकडे जुनी गोधडी असेल तर आणा. माझ्याकडे होती. मी घरातून निघाले त्या दिवशी तुम्ही ओट्यावर पाठ करून बसला होता, तेव्हा आईनं माझ्या पिशवीत कोंबली ती. माझीच लहानपणची, तुमच्या कारखान्याच्या निळ्या कपड्यांची. तुम्हाला हे माहीत नसेल तर आईला बोलू नका.

मी घाई केली. एका कोपऱ्यातल्या टाक्यांवरून रेघ उचलली आणि बाकीची कॉम्प्युटरला वाढवायला सांगितली. छबूबाई म्हणाल्या, “कडंपास्नं आत जायाचं. चारी अंगानं फिरत फिरत मधी. गोधडी अशीच असती.” आपल्या सगळ्या बायका तशाच शिवतात, मला त्यात शंका घ्यायचं सुचलंच नाही. यंत्रानं सांगितल्याबरहुकूम कडेपासून चौकोनी फेरे घातले आणि सगळं ढिलं कापड मध्ये गोळा झालं. गोधडीच्या पोटात टम्म पुरी फुगली. हातानं शिवताना बाई डाव्या तळव्यानं कापड सारखं करत जाते, यंत्राला डावा तळवा नाही. साहेब म्हणाले, बाळाला झोपवायचंय की टेकडी चढायला लावायचीय?

मग मला प्रश्न पडला, आपली जुनी गोधडी मध्ये का फुगली नाही? ती तर पाटासारखी सपाट आहे. उद्या पूर्ण गोधडीची रेघ उचलून बघणार आहे. सुहास जेवायला हाक मारतायत, बाकीचं नंतर लिहिते.

बुधवार

हे पत्र रविवारीच टाकणार होते. टाकलं नाही ते बरं झालं.

रेघ उचलायची म्हणजे कशी ते सांगते. एक मोठी पाटी असते, तिच्यावर गोधडी पसरायची. हातात भिंग लावलेला ठोकळा. भिंगातली फुली टाक्यावर आणून बटण दाबलं की पडद्यावर ठिपका उमटतो, ठिपके जोडले की रेघ. दोन दिवस मी एकेका टाक्यावरून गेले. भिंगात तेवढाच टाका दिसतो, आजूबाजूचं काही नाही. सगळं झाल्यावर पडद्यावर पूर्ण गोधडी एकदम बघितली.

रेघा चारी कडांनी आत येतात. पण मध्यापर्यंत पोचत नाहीत. मध्ये जरा डावीकडे त्या फाकतात, एका जागेला वळसा घालतात आणि पुन्हा एकत्र येतात. ती जागा सोडलेली आहे. वर गोल, मग पाठीची कमान, खाली जवळ घेतलेले गुडघे. नंतर कुणीतरी ती जागा आडव्या टाक्यांनी वेगळी भरून घेतली आहे, म्हणूनच ती मध्ये फुगली नाही. गोधडी मांडीवर घेऊन इतकी वर्षं बघितली, कधी दिसलं नाही. पडद्यावर वरून दिसलं.

आण्णा, तसाच आकार मी डिसेंबरात दुसऱ्या एका पडद्यावर बघितला होता. दवाखान्यात. डॉक्टरीणबाई बोट ठेवून दाखवत होत्या, हे डोकं, ही पाठ, हे पाय पोटाशी घेतलेत. तेव्हाही मी अशीच नुसती बघत राहिले होते.

आता कळलं ना? मला सातवा चालू आहे. आईलाही सांगितलेलं नाही. पत्र लिहायला बसले की दरवेळी मफलर आणि हंगाम लिहून होतो आणि हे राहतं.

मी ती रेघ यंत्राला दिली. वळसे, वेडीवाकडी वळणं, सगळं जसंच्या तसं, फक्त मधली जागा भरली नाही. सुई निघाली. ती सरळ जात नव्हती, माणसाच्या हातासारखी जरा चुकत, जरा सावरत जात होती. मधल्या जागेपाशी आली, वळली आणि कडेकडेनं पुढे गेली. पुढच्या फेऱ्याला पुन्हा तिथेच वळली. मी छबूबाईंना काहीच सांगितलं नव्हतं. त्या हातातली कात्री खाली ठेवून हळूच म्हणाल्या, “लेकरू निजल्यालं हाय तिथं. आमी बी असंच शिवतो. उठवीत न्हाई.” सगळी शेड थांबली होती. एवढं मोठं लोखंडाचं यंत्र, आणि ते जागेवर नसलेल्या बाळाला धक्का न लावता चाललं होतं. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

आता टाक्याचं सांगते, कारण तेच सांगायला हे पत्र आहे.

मला वाटलं आईचा हात आहे. पण आईचा टाका बारीक, तांदळाच्या दाण्याएवढा. तो फक्त मधल्या भरलेल्या जागेत आहे. बाकीच्या गोधडीभर भिंगाखाली जो टाका दिसला तो लांब, तिरका, आणि थोडं अंतर गेलं की मागे फिरून आवळलेला. तो मला ओळखू यायला भिंग लागत नाही. माझं शाळेचं दप्तर त्याच टाक्यानं शिवलेलं होतं आणि पोरी त्याला साखरेचं पोतं म्हणायच्या. तुम्ही आयुष्यभर पोत्यांची तोंडं ज्या टाक्यानं शिवलीत, तो टाका तुम्ही गोधडीला घातलात.

मी दोन महिन्यांची असताना आई श्रीरामपूरच्या दवाखान्यात होती, हे मला माहीत होतं. मला बनुआत्यानं सांभाळलं असंच सगळे सांगत आले आणि तुम्ही ते कधी खोडलं नाही. पण गोधडी एका झोपेत शिवून होत नाही. म्हणजे तुम्ही मला रोज त्याच जागी, त्याच कुशीवर झोपवत होता, आणि दाभणासारखी सुई घेऊन माझ्या भोवतीनं शिवत होता. पुरुषमाणूस गोधडी शिवतो म्हणून लोक हसतील, म्हणून आत्याचं नाव पुढे केलंत काय? आई बरी होऊन आली आणि तिनं मधली जागा भरली. मी तुमच्या दोघांच्या हातांची आहे हे मला माहीत होतं. ते असं लिहून ठेवलेलं असेल हे माहीत नव्हतं.

तो नमुना मी साहेबांना दिला नाही, दुसरा करून दिला. यंत्रानं शिवलेली ती एक गोधडी त्यांनी मला देऊन टाकली. मधली जागा अजून मोकळी आहे.

तुम्ही लग्नाच्या वेळी म्हणाला होता, “त्ये लोक तुला बैठकीत बसवतील, चुलीपाशी न्हाई.” दीड वर्षानंतर सांगते, तुमचं अर्धं खरं निघालं. सासरे अजून आमच्या घरी आलेले नाहीत. सासूबाई येतात. पहिल्यांदा पाणीही नको म्हणाल्या, आता आल्या की स्वतःच चहा टाकतात आणि माझी साखर संपवतात. बाळंतपण इथे नगरलाच करू, मी करते सगळं, असंही म्हणाल्या. मनापासून म्हणाल्या. सुहासही म्हणतात, तुला बरं वाटेल तसं कर.

मला बरं वाटणार नाही. पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि मला माहेर आहे. तुम्ही नाही म्हणालात म्हणून ते नाहीसं होत नाही.

पण मी आपली आपण येणार नाही. लेक बाळंतपणाला एकटी पिशवी घेऊन एसटीतून उतरत नाही, तिला न्यायला मुऱ्हाळी यावा लागतो. आई चोरून सचिनला पाठवेल, तर त्याला पाठवू नका. मी त्याच्याबरोबर निघणार नाही, आल्या पावली परत लावीन. हट्टी आहे, पण हा हट्ट कुणाचा आहे ते आरशात बघा.

तुम्ही या. हंगाम संपायची वाट बघू नका, तोवर उशीर होईल. माफी मागू नका, माझ्याकडूनही मागून घेऊ नका. बैठकीत बसायचं नसेल तर दाराबाहेरून नुसती हाक मारा, मी नेसत्या लुगड्यानिशी निघेन. आणि यायचं नसेल तर एका ओळीचं पत्र टाका. तेवढं माझं ऐका, गप्प राहू नका. आतापर्यंत मी तुमचं गप्प बसणं म्हणजे राग समजत होते. आता मला माहीत झालंय की जे सगळ्यात जास्त जपता त्याच्याभोवती तुम्ही आवाज न करता फिरता, आणि म्हणून तुमचं गप्प बसणं मला पूर्वीपेक्षा जड जातंय.

आईला हे पत्र वाचून दाखवा. सचिनकडून नको, तुम्ही स्वतः.

जिला तुम्ही झोपेतून उठवलं नाहीत, ती तुमची
माधुरी