शमुवेलसरांच्या घरचं रिसेप्शन

प्रिय आई, जरीपटक्याहून तुला आणि पप्पांना सलाम.

शमुवेलसरांच्या मुलीच्या रिसेप्शनला मीच गाणार, हे काल नवरी प्रीतीनेच फोनवर पक्कं केलं. हो, तेच सर. मी ऑर्केस्ट्रात सिनेमाची गाणी गाते म्हणून त्यांनी मला चर्चच्या क्वायरमधून सगळ्यांसमोर काढलं होतं.

मला सिनेमाची आणि चर्चची, दोन्ही गाणी आवडतात. पण रविवारी बाकावर गप्प बसून स्तुतिगीतं ऐकवत नाहीत गं.

पप्पांचा खोकला थांबला का? मी वेळेवर जेवते.

प्रीती म्हणाली, "बाबाले नाचवल्याबिगर सोडू नको वं ताई!" चर्चचे पाळकसाहेब पहिल्या रांगेत असतील. शनिवारी सिनेमाच्या गाण्यावर सर नाचतील, आणि मी माइकवरच विचारीन, "सर, उद्या क्वायरला किती वाजता येऊ?"

अजून रागातच असलेली तुझी,
एस्तेर