मुरवायला ठेवलेला हेडफोन

३ ऑक्टोबर
हामामात्सू शहरात बस्तान बसलं. रेडिओ दुरुस्तीच्या टपरीतून सुरुवात केलेला मी, आज हेडफोन कंपनीचा घरबसल्या ऐकणारा परीक्षक! कारखान्याचे नागुमोसान स्वतः पेटी घेऊन आले. अक्रोडाच्या वाट्या, कोकराच्या कातड्याच्या मऊ गाद्या. नमुना एकच. आधी दुसरा परीक्षक मिकुरिया, त्याच्याकडे होता, आता माझ्याकडे. दोघांत ज्याचे कान सरस, कायमची जागा त्याची. फूमिए म्हणाली, अहो, ही सवत आणलीत खरी, पण जेवायला आपल्यातच बसणार का?

६ ऑक्टोबर
हेडफोनचे आवाज काढणारे पडदे नवे घातलेत, तेव्हा ते वाजवून वाजवून मुरवणं आलं. अंथरुणांच्या कपाटात गाद्यांमध्ये ठेवायचा आणि गाणं वाजत सोडायचं. मुरल्याशिवाय मत द्यायचं नाही, हा आमच्यातला नेम. मध्ये काढून ऐकला. गाणारी बाई आणि चेलो, सुरेख.

नागुमोसानचा फोन आला. मिकुरियाला म्हणे त्या बाईच्या मागे, रस्त्यावरून जाणाऱ्या टोफूवाल्याचा भोंगाही ऐकू आला होता. मला नाही आला. बापाने पियानो शिकवलेला तो गुळगुळीत माणूस! थापा असतील. थापाच असाव्यात, अशी माझी फार इच्छा आहे.

९ ऑक्टोबर
नागुमोसान बजावून गेले होते, मुरताना डोक्याला लावू नका, नाहीतर उलट तोच तुम्हाला मुरवेल. वर हसले. पण मिकुरियाने लावलाच असणार, नाहीतर भोंगा कसा ऐकेल? मीही कपाटात शिरलो, गाद्यांवर आडवा झालो आणि लावला. फूमिएने दार सरकवून विचारलं, चहा आतच देऊ का सवतीच्या नवऱ्याला?

संध्याकाळपर्यंत भोंगा सापडला! स्वच्छ. मिकुरिया, घे.

११ ऑक्टोबर
दारावरून टोफूवाला गेला. गाल फुगवून भोंगा फुंकत होता, आवाज नाही. बिघडला असेल म्हटलं. फूमिए म्हणाली, काहीतरीच काय, केवढ्याने वाजला!

हेडफोनमध्ये आता किटलीही उकळते. आमचीच. झाकण खडखडतं ते मी ओळखतो. चुलीवरची मात्र मुकी.

१३ ऑक्टोबर
मिकुरिया आला. बहिऱ्यासारखा ओरडून बोलत होता. मला म्हणाला, इशुरुगीसान, काढा तो हेडफोन, माझ्या आईचा आवाज त्यात गेला, घरी ती नुसते ओठ हलवते. रडला. परत द्या म्हणाला, एकदाच तिला ऐकतो.

म्हणजे मी अजून न ऐकलेलं काहीतरी त्यात आहे, आणि ते त्याला हवंय. नाही दिला. दार लावून घेतलं.

१४ ऑक्टोबर
फूमिए बोलते, ओठ दिसतात. हसली — आवाज हेडफोनच्या आत. कपाटातच आहे मी. तिचं हसू इतकं जवळून कधी — लग्नातही नाही —

१५
बाहेर काहीच नाही. ती माझा खांदा हलवतेय, रडतेय बहुतेक.

आत ती रडत नाहीये. आत चहा ओततेय. अहो म्हणाली. मी ओ दिली —
मला नव्हतं ते. आधीच कुणीतरी ओ दिली, मिकुरियाचा आवाज. तोही आत? कधी —

काढणार नाही. काढला तर दोघंच राहतील —

कुजबुजतायत. ऐकू येत नाही. मला! तो म्हणाला, हळू बोल, तो ऐकतोय. ती हसली. दार सरकलं, आतलं, आता माझा श्वाससुद्धा आतूनच ऐकू —