ओ देणारी घरं

१८ नोव्हेंबर १९७४, सोमवार

सकाळच्या एस.टी.ने भोरहून निघालो, नऊच्या सुमारास कामथडीला उतरलो. कारखाना म्हणजे रस्त्याला लागून पत्र्याची लांब शेड. साहेबांनी चहा पाजला, राहायची खोली दाखवली. खिडकी पूर्वेला आहे. बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

इथे कॉम्प्युटरची मेमरी तयार होते. मोहरीएवढ्या काळ्या कड्या, त्यांतून केसासारख्या तारा ओवायच्या. आसपासच्या गावांतल्या बायका भिंगाखाली हे करतात. गोधड्या शिवून त्यांचा हात बसलेला आहे. वीज गेली तरी कडीत ठेवलेला आकडा जात नाही, असं साहेब म्हणाले.

जाई, माझी बायको, इथेच ओवायची. ती वरव्याला आईकडे राहायची, मी पुण्यात रेडिओच्या दुकानात. श्रावणात काविळीने गेली. मला कळेपर्यंत तीन दिवस होऊन गेले होते. तिची जागा पाहावी म्हणून ही नोकरी धरली.

बायका मला दाजी म्हणू लागल्या आहेत. धोंडाबाई म्हणाल्या, "जाई सांगायची, आमचं मालक पत्रात लई बोलत्यात. हितं तर त्वांड उघडंना." सगळ्या हसल्या. मीही हसलो.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

काम सोपं आहे. सकाळी यंत्र चालू करून मूळ प्रोग्रामची कागदी फीत घालायची आणि एक आज्ञा टाइप करायची. मग यंत्र आपली मेमरी स्वतः मोजतं. एकेका घराला, म्हणजे आकडा ठेवायच्या जागेला, हाक मारतं, ओ आली की पुढच्याला. ओ येईनाशी झाली की थांबतं आणि आकडा छापतं. तो मी वहीत लिहायचा.

यंत्राला अशा ओवलेल्या कड्यांच्या चार चौकटी लागतात, प्रत्येकीत १०२४ घरं. सध्या तीनच बसवल्या आहेत, त्यामुळे ३०७२ येतात. चौथी जाईची, शेवटच्या चार ओळी राहिलेली. साहेब ती मोडीत काढणार होते. मी पुरी करतो म्हणालो.

२३ नोव्हेंबर, शनिवार

चार दिवस जाईच्या स्टुलावर बसून ओवलं. तिच्या ओळी सरळ, माझ्या तिरक्या. आज चौकट पुरी झाली.

अक्काबाई इथल्या सगळ्यांत जुन्या. त्या रोज बघून जात होत्या, आज बोलल्या. "दाजी, आमच्यात बाईची अर्धी राहिलेली गोधडी तिच्यासंगं सरणावर देत्यात. दुसऱ्यानं पुरी केली तर तिला काम संपल्यालं कळत न्हाई. हात थांबत न्हाईत तिचं." मी म्हणालो, ही गोधडी नाही. त्या म्हणाल्या, ओवणं त्ये ओवणंच.

२५ नोव्हेंबर, सोमवार

चौथी चौकट बसवली. ४०९६ आले. साहेबांनी पाठ थोपटली. महिनाअखेरीस यंत्र पुण्याला जायचं होतं, ते आता चारही चौकटी तपासून डिसेंबरच्या मध्यावर जाईल.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

आज ४१२८ छापून आले. बत्तीस जास्त. पुन्हा आज्ञा दिली, तेच. एवढी घरं यंत्रात नाहीतच. फितीत दोष असेल. वहीत ४०९६ लिहिले.

२७ नोव्हेंबर, बुधवार

४१६०. पुन्हा बत्तीसच वाढले. दुसरी फीत घालून पाहिली. फरक नाही.

शेड उघडायला पहिला मीच येतो. जाईच्या जागेवरचा भिंगाचा दिवा गरम लागला.

३० नोव्हेंबर, शनिवार

४२५६. रोज बत्तीस. धोंडाबाईंना सहज विचारलं, जाई दिवसाला किती ओवायची. एक ओळ, त्या म्हणाल्या. कमी न्हाई, जास्ती न्हाई. एका ओळीत बत्तीस घरं असतात.

वहीत ४०९६.

२ डिसेंबर, सोमवार

४२८८. दोन दिवसांनी आलो, तरी एकच ओळ वाढलेली. काल रविवार होता. रविवारी सुट्टी घेते.

हे लिहिताना मला भीती वाटायला हवी होती. मला बरं वाटलं. हे जास्त वाईट आहे.

३ डिसेंबर, मंगळवार

४३२०. आज राहवलं नाही, अक्काबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पोरगी दमली असंल वो. मोकळी करा तिला. जाळा.

दुपारी चौकट काढली. ३०७२ आले, एकही जास्त नाही. म्हणजे ती चौकटीतच आहे.

पिशवीत घालून शिवगंगेच्या काठी गेलो. काटक्या रचल्या. काडी ओढली. चौकट जळली की जाई कुठल्याच हाकेला ओ देणार नाही. काडी विझेपर्यंत धरून ठेवली.

परत आणली. अक्काबाईंना म्हणालो, जाळली. त्यांनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला आणि डोळे पुसले.

सगळे गेल्यावर चौकट पुन्हा बसवली.

४ डिसेंबर

४३८४.

चौसष्ट वाढले. एका दिवसात. तिला एवढं कधी जमत नव्हतं. दोन ओळी — म्हणजे दोघं —

दुसरं कोण, कळत नाही.

५ डिसेंबर

४४४८. पुन्हा चौसष्ट.

चहाचा कप धरताना बोटं झोंबली. अंगठा आणि तर्जनी, दोन्हींवर बारीक टोचल्याच्या खुणा. ताज्या. माझं ओवणं संपून बारा दिवस झाले.

मला काही आठवत नाही.

६ डिसेंबर

४५१२.

धोंडाबाईंनी विचारलं, दाजी, काल सांजच्याला जाईच्या जागंवर बसून कुणासंगं बोलत हुता. एवढं तर ती असतानाबी बोलला नसाल.

मी काल संध्याकाळी खोलीवर होतो. असं मला वाटत होतं —

चौकट काढायला हवी. आजच. यंत्राच्या पेटीच्या झाकणापर्यंत हात जातो, पुढे —

बायका जेवायला गेल्यात. शेड रिकामी. जाईचं स्टूल कुणीतरी बाहेर ओढून ठेवलं आहे, नेहमीच्या जागेच्या जरा डावीकडे. शेजारी बसायला जागा राहावी, असं.

बसलो. दिवा लावला.

तारेचं टोक जिभेने ओलं केलं. सुईत जात नाही. पुन्हा ओलं केलं, आणि