हुकलेला गारठा

इबुसुकी,
२४ जानेवारी

प्रिय नाहोमी,

आशीर्वाद. तू माहेराहून पाठवलेलं पत्र आणि सफरचंदांची पेटी काल मिळाली. एकही फळ दबलेलं नाही. पत्रात तू माझी माफी मागितली आहेस. ती माफी कपाटात ठेवून मला जेवण जाईना, म्हणून लगेच लिहायला बसले.

इकडे मोहरी फुलली आहे. लेकाचा, ताकुमाचा, जहाजावरून फोन आला होता, मार्चमध्ये येतो म्हणाला. हारूचा खोकला गेला का? त्याला बर्फात फार वेळ सोडू नकोस. अकितात वाढलेल्या मुलीला हे मी सांगते आहे, याचं तुला हसू येईल. येऊ दे.

आता शेताचं. तू लिहितेस की, सासऱ्यांनी एवढ्या वर्षांत घडवलेलं शेत तुझ्या पहिल्याच हंगामात तू घालवलंस. बी फ्रिजमधून लवकर काढलंस. हे काम तुझ्या हातचं नाही. आणि इथे परत येऊन कुणाला तोंड दाखवावं हे कळत नाही. नाहोमी, तू बी लवकर काढलं नाहीस. मोड आलेलं बाकल्याच्या शेंगांचं बी महिनाभर फ्रिजच्या गारठ्यात ठेवायचं असतं, तसंच तू ठेवलंस. रोज सकाळी उठून तापमानाचा काटा बघायचीस, तेही मी पाहिलं आहे.

शाळेत मी तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. बियाला गारठा लागला की हिवाळा होऊन गेला असं त्याला वाटतं, आणि मग पेरल्यावर ते खालच्या पेरांपासून फुलं धरतं. मधेच कडक उकाडा लागला तर झालेला हिवाळा पुसला जातो आणि झाड नुसती पानं काढत उंच होत राहतं. हे मी फळ्यावर लिहून दिलेलं आहे. म्हणून, मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

सप्टेंबरातलं वादळ आठव. हारूला ताप चढला म्हणून तू त्याला घेऊन शहरातल्या इस्पितळात होतीस आणि इकडे वीज गेली. जाताना तू मला जनरेटर दाखवून गेली होतीस आणि फ्रिजची वायर कुठे लावायची तेही. मी म्हटलं होतं, मला समजतं, तू नीघ. वायर मी लावलीही. पहिली रात्र फ्रिज नीट चालला.

सकाळी डीप फ्रीझरखाली पाणी दिसलं.

त्यातला खालचा कप्पा तुला माहीत आहे. लग्नानंतर तू तिथे भाज्या ठेवायला गेलीस तेव्हा मी तुझ्यावर ओरडले होते, आणि का ते सांगितलं नव्हतं. तुझे सासरे शेवटच्या वेळी होडी घेऊन गेले तेव्हा आणलेले बांगडे त्यात आहेत. स्वतः साफ करून, पिशव्यांत भरून त्यांनी ठेवले आणि त्याच आठवड्यात ते गेले. ते मासे माझ्याच्याने शिजवले गेले नाहीत आणि टाकलेही गेले नाहीत. मी काही हळवी बाई नाही. त्यांच्या कपड्यांची गाठोडी मी महिन्याच्या आत वाटून टाकली.

जनरेटर लहान, एका वेळी एकच काहीतरी चालणार. मी फ्रिजची वायर काढली आणि फ्रीझरची लावली. वीज येईपर्यंत, म्हणजे दोन दिवस, ती तशीच होती. बाहेर घाम निथळत होता आणि फ्रिजमध्ये तुझं बी त्याच उकाड्यात बसलं होतं. दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला.

“आई, बी ठीक आहे ना?”

“ठीक आहे. तू मुलाकडे बघ.”

वीज आल्यावर मी पाणी पुसलं, वायर जागेवर लावली. तू परतलीस तेव्हा काटा पुन्हा तीनवर होता. मोड फार लांबलेत म्हणालीस, तर मी म्हटलं, तुझ्या हाताला गुण आहे. तू किती खूश झालीस! ते मला आजही आठववत नाही.

पुढचं तुला माहीत आहे. सगळ्यांच्या शेंगा नववर्षाआधी बाजाराला गेल्या आणि आपल्या शेतात कमरेएवढं हिरवं रान. शेतकरी गटाच्या बैठकीत गटप्रमुख शिमोझोनोसान हसत म्हणाले, “बर्फातली पोर, तिला गारठा कसला कळणार? तिला तो उन्हाळाच वाटला असेल.” सगळे हसले. तू मान खाली घातलीस. आणि मी, सासू, तुझ्या शेजारी बसून म्हणाले की हो, जरा घाईच झाली तिची.

वायर काढली तेव्हा मी घाबरलेली होते. बैठकीत नव्हते.

काल संध्याकाळी शिमोझोनोसानांच्या घरी गटातले सगळे जमले होते. तिथे जाऊन मी हे उभ्याने सांगितलं. शिमोझोनोसानांची बायको म्हणाली, “बाई, तुम्ही? आमच्या पोरांना खोटं बोलल्याबद्दल वर्गाबाहेर उभं करायचात.” मी म्हटलं, हो, मीच. शिमोझोनोसानांनी मला चहा ओतून दिला, स्वतः घेतला नाही. “आम्ही हसलो तिला,” एवढंच म्हणाले.

मासे अजून फ्रीझरमध्येच आहेत. टाकून दिले असं लिहिलं असतं तर पत्र बरं दिसलं असतं. पण तुझ्याशी आणखी एक खोटं नको.

तू परत यावंस असं मी म्हणत नाही. ते म्हणायचा हक्क मी बैठकीत घालवला. ये किंवा नको येऊस, पण हात चांगला नाही म्हणून थांबू नकोस. हात चांगलाच आहे. हे मी आता सगळ्यांदेखत बोलले आहे.

जिने माफी मागायची, ती,
ताझुको

ता. क. आज सकाळी गटप्रमुख शिमोझोनो यांच्याकडे पुढील गोष्टी दिल्या: बियाण्याच्या फ्रिजची किल्ली. पुढच्या पेरणीसाठी राखलेल्या बाकल्याच्या दोन गोण्या, कोरड्या, तोंडं शिवलेली. गटातल्या आपल्या घराच्या जागेवर माझ्याऐवजी तुझं नाव लावावं, असा माझा शिक्का मारलेला अर्ज. हे सगळं तुझ्यासाठी आहे, तू सांगेपर्यंत त्यांच्याकडे राहील. मी मागायला आले तर मला द्यायचं नाही, असं त्यांना बजावलं आहे. त्यांनी सामान तपासून घेतलं आणि ‘मिळालं’ म्हणून सही केली.