खिडकीचं माप

४ फेब्रुवारी

लाडक्या ठमीस,
ताईचे आशीर्वाद. 'पत्र लिहिण्यास कारण की' वगैरे लिहीत नाही, या वेळी ते कारण तूच पाठवलं आहेस. तुझं कार्ड परवा मिळालं. मी खुशाल आहे, तुझे भावजीही खुशाल. गुडघे कुरकुरतात, पण ते माझे. भावजी अजून तुरुतुरु चालतात.

कार्ड वाचून आधी हसू आलं. पस्तीस वर्षं मशीनवर वाकून शाळेच्या पोरांचे गणवेश शिवणारी आमची ठमी, जी शेजारच्या गावाला जायचं म्हटलं तरी सोबत शोधायची, ती एकटी बारा दिवस समुद्र बघायला निघाली. मग म्हटलं, बरोबरच आहे. मुलगा नोकरीला लांब गेला, मशीन आता हौसेपुरतं चालतं. आता नाही जाणार तर कधी? जा, खुशाल जा.

'ताई, तू इतकी वर्षं लॉजवर काम करतेस, तर कमी खर्चात प्रवास कसा करावा ते कळव,' असं लिहिलंस. अगं, सल्ला द्यायला मला कोणी विचारावं लागत नाही, आणि तू तर मागितलायस. वीस वर्षं लोकांच्या खोल्या झाडल्या, चादरी बदलल्या. मी स्वतः कुठे गेले नाही, पण गेलेली माणसं परतताना काय काय रडतात ते सगळं ऐकलंय.

पहिलं सामानाचं. पिशवी भरलीस की ती घेऊन जिन्याने तीन मजले चढून बघ. तुझ्याकडे तीन मजले नाहीत, तर एकच जिना तीनदा चढ. धाप लागली तर निम्मं काढून ठेव. जड सामानाला रिक्षा लागते, हमाल लागतो, आणि मग स्वस्त प्रवास राहिला बाजूला. कपडे दोनच जोड घे, एक अंगावर, एक पिशवीत. धुतलेला कपडा कोरड्या टॉवेलात गुंडाळायचा आणि त्या गुंडाळीवर उभं राहून पायाने तुडवायचं. पाणी सगळं टॉवेल पितो, कपडा सकाळपर्यंत वाळतो. ही युक्ती मला एका औषधविक्याने शिकवली. तो बिचारा महिन्यातले पंचवीस दिवस फिरतीवर असतो.

रात्रीच्या गाडीने गेलं की लॉजचं भाडं वाचतं, असं तुला दहा जण सांगतील. ऐकू नकोस. दुसरा अख्खा दिवस जांभया देण्यात जातो, मग समुद्र काय झोपेत बघणार? पहाटेची गाडी धर, दुपारी पोच. दुपारी खोल्या रिकाम्या असतात आणि काउंटरवरच्या माणसाचा आवाज मऊ असतो. संध्याकाळी तोच माणूस तुला ओळखही देणार नाही.

खोली बघितल्याशिवाय घ्यायची नाही. बघताना पलंगाकडे आधी बघायचं नाही, तिथेच सगळे फसतात. आधी दाराची आतली कडी लावून बघ. मग नळ सोड आणि जरा वाहू दे. पाण्याच्या टाकीजवळची खोली नको, स्वयंपाकघरावरची नको. बोळाच्या टोकाची खोली माग. लोकांना चालायचा कंटाळा, म्हणून ती स्वस्तात देतात, आणि तिथे शांतता असते. आणि चादर पांढरी असली तरच राहा. फुलाफुलांची चादर दिसली की समजावं, मालकाला डाग लपवायचे आहेत. मी आमच्या मालकांशी यावरून दोनदा भांडले. आमच्याकडे अजून पांढऱ्याच आहेत.

जेवायचं कुठे हे काउंटरवाल्याला विचारू नकोस, तो त्याच्या मेहुण्याचं हॉटेल सांगेल. झाडणाऱ्या बाईला विचार. ती जिथे जेवते तिथे जेव. प्रवासात पाव, केळी, काकडी, उकडलेली अंडी जवळ ठेव. पोट भरलेलं असलं की माणूस नको त्या दुकानात शिरत नाही.

आणि खोली सोडताना दारामागची खुंटी बघ. सगळं जग खुंटीवर काहीतरी विसरतं. माझ्याकडे चष्मे आहेत, छत्र्या आहेत, एक दातांची कवळीसुद्धा आहे. तिचा मालक काय खात असेल, कोण जाणे.

आमच्या गावात दोन रात्रींसाठी लॉज विचारलंस. आमच्या लॉजवर मार्चमध्ये जागा मिळणं कठीण. बसथांब्यासमोर निळ्या दाराचं एक आहे, तिथे उतर, चांगलं आहे. माझ्याकडेच ये म्हटलं असतं, पण घर रंगवायला काढलंय. सामान सगळं मधोमध ओढलेलं, भावजींना त्या वासाने खोकला. संध्याकाळी काम आटोपलं की मीच तुला भेटायला येईन.

अंथरूण पाहून पाय पसरावे, हे मी चादरवालीने तुला वेगळं सांगायला नको.

आम्हा दोघांचे आशीर्वाद.
ताई


१९ फेब्रुवारी

ठमे,
तुझं उत्तर आलं. टॉवेलची युक्ती करून पाहिलीस, जिना तीनदा चढलीस, निळ्या दाराचं लॉज चालेल म्हणालीस. शहाणी आहेस. आणि मग शेवटी लिहिलंस, 'रंग कुठला देतेस? खिडक्यांची मापं कळव. मागच्या वेळी पडदे अंदाजाने शिवले होते, बसले की नाही ते तू कधी सांगितलंच नाहीस. या वेळी मापाने शिवून आणते.'

तीन दिवस ते पत्र माझ्या खिशात होतं.

काल दुपारी काय केलं ते सांगते, हसू नकोस. मी टेप घेऊन सहा नंबरच्या खोलीत शिरले. तिथला पाहुणा बाहेर गेला होता. खुर्चीवर चढले, खिडकीची रुंदी घेतली, उंची घेतली, पेनाने तळहातावर लिहिली. चांगली मोठी खिडकी आहे, समोर झाड आहे. मग खाली उतरले आणि त्याच खुर्चीवर बसून राहिले. साठीला टेकलेली बाई दुसऱ्याच्या खिडकीचं माप आपलं म्हणून बहिणीला धाडायला निघाली होती. मालकीणबाई दारात आल्या. त्यांनी विचारलं, "चादरबाई, खिडकीचं काय मोडलं?" मी म्हटलं, खिडकीचं काही नाही. आणि मला रडू आलं. त्या शहाण्या, पुढे काही न विचारता गेल्या.

ठमे, घर रंगवायला काढलेलं नाही. घरच नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर माझी जीभ फार सराईत झाली आहे. तू 'भावजी कसे आहेत' म्हणालीस की 'आत्ताच बाहेर गेले' हे माझ्या तोंडून आपोआप येतं. कागदावर निदान हात थांबतो.

तुझे भावजी बाहेर गेले ते पंधरा वर्षांपूर्वी. दोन गावं पलीकडे त्यांना काम लागलं. आधी दर आठवड्याला येत, मग महिन्याने, मग कामाचा ताण आहे म्हणत. शेवटी त्यांच्या कारखान्यातल्या एका गड्याने येऊन त्यांचे हिवाळ्याचे कपडे मागितले. तिकडे त्यांचं दुसरं बिऱ्हाड आहे, एक मुलगी आहे. तुरुतुरु चालतात हे मात्र खरं, मी मागे एकदा लांबून पाहिलं. मी कपडे दिले, इस्त्री करून. भांडायला हवं होतं. ते न भांडणं मला अजून खुपतं.

दोन खोल्यांचं ते भाड्याचं घर मग सोडलं. लॉजचे मालक म्हणाले, दुसरी जागा मिळेपर्यंत चार दिवस चादरींच्या खोलीत झोपा. ते चार दिवस अजून चालू आहेत. जिन्याखालची खोली. तीन भिंतींना फळ्या, फळ्यांवर चादरी, उश्यांचे अभ्रे, टॉवेल. चौथ्या भिंतीला माझी खाट. लॉजवर जागा मिळणं कठीण हेही खोटंच होतं. मार्चमध्ये निम्म्या खोल्या रिकाम्या असतात. तू इथे उतरली असतीस तर हा नवा काउंटरवाला पहिल्याच दिवशी म्हणाला असता, ताई ना, त्या खालीच राहतात.

का नाही सांगितलं, विचारशील. तेव्हा आई अंथरुणावर होती. तिच्या कानावर जाऊ नये म्हणून तुलाही सांगितलं नाही. आई गेली, तोवर माझं खोटं घर बांधून तयार झालं होतं. त्याला दोन खोल्या होत्या, ओटा होता, मागे गॅलरी होती, गॅलरीत कुंड्या होत्या. तू फोनवर कुंड्यांचीसुद्धा चौकशी करायचीस. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मी इतकी वर्षं झाकली की आता बोटं सरळ होत नाहीत.

आता अकरा वर्षांपूर्वीचं. तू डोळे दाखवायला इथे आली होतीस. मी म्हटलं, घरी भावजींची माणसं आलीत, पाय ठेवायला जागा नाही, तू आमच्या लॉजवरच राहा. चौदा नंबर दिला, बोळाच्या टोकाचा. कोऱ्या चादरी घातल्या, दोन उश्या जास्त ठेवल्या. मला वाटलं, किती छान सोय केली बहिणीची. भाडं मालकांनी घेतलं नाही, हे तुला दोनदा सांगितलं. तू चौदा नंबरात आणि मी खाली जिन्याखाली. मधे वीस पायऱ्या.

सकाळी तू लवकरची गाडी धरून गेलीस. मी खोली आवरायला गेले. ठमे, चादरीवर हात फिरवला की मला कळतं माणूस कसा झोपला, कुठल्या कुशीवर, नीट झोपला की तळमळला. तुझी चादर मी घातली होती तशीच होती, एक सुरकुती नाही. खुर्ची खिडकीशी ओढलेली. आणि दारामागच्या खुंटीवर पडद्यांची पिशवी. फोनवर तू म्हणालीस, विसरले. पण खुंटीवरचं विसरणाऱ्यांतली तू नाहीस. भावजींच्या माणसांना घर आणि सख्ख्या बहिणीला लॉज, असं तुला वाटलं. वाटणारच. मी गप्प बसले, कारण खरं सांगितलं असतं तर तू मला हाताला धरून तुझ्याकडे नेलं असतंस, आणि ते मला नको होतं. नाकापेक्षा मोती जड झाला होता.

त्यानंतर तू कधी 'येते' म्हणाली नाहीस. या वेळच्या कार्डातसुद्धा तू लॉज विचारलंस, घर विचारलं नाहीस. मला किती लागलं, काय सांगू. आणि रागवायला माझ्याकडे तोंडही नव्हतं.

मी एकटी आहे त्याचं मला काही वाटत नाही, असं मी इथे सगळ्यांना सांगते. वाटतं गं. मोठ्या चादरीची घडी घालायला दोन माणसं लागतात, समोरासमोर टोकं धरून. मी एक टोक फळीखाली दाबते, दुसरं ओढते, मग पळत जाऊन ते सोडवते. रोज पंधरा-वीस चादरी. इतकी वर्षं त्या फळीसमोर उभी राहून घड्या घातल्या. कधीकधी तिच्याशी बोलते. ती ऐकून घेते, एवढं खरं.

तुझे पडदे मी जपले आहेत. एक माझ्या खाटेपुढे लावलाय. तो सरकवला की दुकान बंद आणि घर सुरू. जरा लांब होतो, खालून दुमडून टाचला आहे. दुसरा अजून तुझ्याच घडीत, पत्र्याच्या पेटीत आहे.

आज सकाळी मालकांना म्हटलं, मार्चमध्ये दोन रात्री मला एक खाट जास्त हवी, माझी बहीण यायची आहे. ते म्हणाले, मग वरची खोली घ्या की, रिकामीच आहे. मी नको म्हटलं. खाट मिळाली आहे. फळ्या जरा सरकवल्या की बसते, मापून पाहिलं.

तेव्हा निळ्या दाराच्या लॉजवर जाऊ नकोस. त्यांच्या चादरी फुलाफुलांच्या आहेत, तेही मी तुझ्यापासून लपवलं. राग आला असेल तर राग लिहून पाठव, चार पानं पाठव. फक्त गप्प राहू नकोस. आणि तुला हे सगळं आधीच कळलेलं असेल, तर तसं निदान भेटेपर्यंत बोलू नकोस.

पत्ता लॉजचाच. काउंटरवर थांबायचं नाही. जिन्याखाली एक दार आहे, त्याला नंबर नाही. ढकललं की उघडतं.

माप विचारलं होतंस. खिडकी एकच आहे, झरोका म्हण. रुंदी दोन वीत, उंची एक वीत, माझ्या हाताने. तुझ्या उरल्यासुरल्या कापडात होईल.

माझ्या एकटीचे आशीर्वाद.
ताई