गार्डवहिनीचं पान

१२ जानेवारी, सोमवार

...आणि वरून म्हणते, आई चिडू नको. चिडू नको तर काय आरती ओवाळू? काल रात्री इंटरनेटचं पान चांगलं होतं. सकाळी फक्त "गार्डवहिनी" हा शब्द जाड करायला गेले, तर त्याच्याखालचं सगळंच जाड. पिंकी गुडगावहून फोनवर, "आई, मतलब तू टॅग उघडला, बंद नाही केला."

अगं, या घरात गॅस मी बंद करते, नळ मी बंद करते, तुम्ही दारं उघडी टाकून जाता ती मी लावते. आणि मलाच शिकवते.

हे पेपराआडून म्हणाले, "गार्डवहिनी इतक्या जाड नव्हत्या बरं."

शब्दाच्या आधी कंसात बी, तो टॅग उघडला; शेवटी कंस, तिरकी रेघ, परत बी, तो बंद. झालं बारीक. एका रेघेपायी भाजी करपली. पण पिं.ने जुना लॅपटॉप दिला, रोज ऑफिसातून फोन घेते. दुसऱ्या कोणाची पोरगी घेते? बोलते फार, तेवढं सोडा.

१४ जानेवारी, संक्रांत

सगळं शास्त्रीनगर पतंग घेऊन गच्चीवर, नुसतं वो काटा वो काटा. मी खाली बसून पान चढवलं. जागा फुकट, पत्ता मात्र मारुतीच्या शेपटीएवढा. परातीचा फोटो इतका मोठा की पान उघडेस्तोवर चहा होतो. बारीक केला.

जे आहे ते लिहिलं. मी दुसरीतून शाळा सोडलेली. लग्नानंतर इथं हिंदी मुलखात रेल्वे क्वार्टरात आले, शेजारी गार्डवहिनी. दुपारी त्या परात ओढायच्या, पिठात बोटानं अक्षर काढायच्या. मी खाली तसंच काढायचं. पुसायचं, परत काढायचं. मग तेच पीठ मळायचं. माझी अख्खी बाराखडी ह्यांनी पोळीतून खाल्ली. ळ कधी जमला नाही. "हा ळ आहे का लोळणारं कुत्रं?" म्हणायच्या. पण सोडलं नाही मला. पिंकीचं शाळेचं पत्रक मी वाचलं ते त्यांच्यामुळं. ही रोजनिशी पण.

त्यांची बदली निघाली तेव्हा मी आईच्या दुखण्याला अकोल्याला. परत आले तर क्वार्टरला कुलूप. मोबाईल तेव्हा कोणाकडं होता. आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

त्यासाठी पान. वर गार्डवहिनी, खाली पिंकीची आई. फोटो त्यांचा नाही, म्हणून आज पिठात अक्षरं काढून त्याचाच घातला.

१७ जानेवारी

विद्याधरनगरात हळदीकुंकू. बँकवाल्या कुलकर्णीबाईंचा फ्लॅट, सगळ्या मराठी बाया. मी प्रत्येकीच्या फोनवर पान उघडून दिलं. म्हटलं, रेल्वेतलं कोणी ओळखीचं असेल त्याला पाठवा.

कुलकर्णीबाई म्हणाल्या, "छान हो. पण यांचं नाव काय?"

"गार्डवहिनी."

"ते वाचलं. नाव?"

इतकी वर्षं भिंतीला भिंत. त्यांचं बाळंतपण मी केलं, माझं त्यांनी. नाव माहीत नाही. क्वार्टरात कोणीच कोणाचं घेत नव्हतं. टीसीवहिनी, ड्रायव्हरीणबाई, अमक्याची आई.

घरी ह्यांना विचारलं. "पाटील गार्ड. रेल्वेत पाटील किती, मोजत बस."

पिं. हसली. "आई, तुझं नाव तरी कुठं आहे पानावर? तुला कोण ओळखणार?"

म्हटलं, वहिनी मला त्याच नावानं ओळखतात. पण रात्री जेवण गेलं नाही नीट.

२१ जानेवारी

काही नाही. पान रोज उघडून बघते. कोणी मेलं की जिवंत, तेही माहीत नाही. पिं. म्हणाली, नाव नसलं तर शोधून पण सापडणार नाही. खरं बोलली, म्हणून जास्त राग आला.

२२ जानेवारी

आला. निरोप आला. पानाखाली पिं.ने निरोपाची जागा करून दिली होती, तिथंच. नाशकाहून, त्यांच्या सुनेचा. कुलकर्णीबाईंनी कोणाला पाठवलं, तिनं कोणाला, असं फिरत फिरत.

सून लिहिते, आईंना वाचून दाखवायला गेले तर फोन हातातून घेतला. म्हणाल्या, माझं मी वाचीन. दोनदा वाचलं. मग फोटो मोठा करून बघितला न म्हणाल्या, "पिंकीच्या आईला सांग, कुत्रं अजून लोळतंच आहे."

जिवंत आहेत. चांगल्या आहेत. जीभ तशीच आहे. मी देवापुढं साखर ठेवली. ह्यांना सांगायला साखरेचा डबा घेऊनच धावले, हे म्हणाले, "अगं, बस आधी."

सुनेला लगेच माझा फोन नंबर कळवला न विचारलं, वहिनींचं नाव काय, पानावर घालते. उत्तर आलं, "आई सांगू देत नाहीत. म्हणतात, इतकी वर्षं विचारलं नाही, आता काय रेशनकार्ड काढायचंय?"

२३ जानेवारी, शुक्रवार

हक्क आहे त्यांना. पण मला पण आहे. उद्या ह्यांच्यासारखे ओळखणारे सगळे जातील, मग गार्ड कोण न कोणाची वहिनी, कोण सांगणार? परातीपुढं तर पाटील गार्ड बसले नव्हते.

आज पानावर "पिंकीची आई" खोडलं. सुमन लिहिलं. टॅग उघडला, बंद केला, कोणाला फोन केला नाही. वर वहिनींच्या नावाची जागा रिकामी ठेवलीय. ही रोजनिशी पण जशीच्या तशी पानावर टाकतेय, म्हणजे वहिनी वाचतील.

वहिनी, सुनेकडून नको. तुमच्या तोंडून पाहिजे. परात पुसून ठेवलीय, पीठ चाळून ठेवलंय. तुम्ही फोनवर सांगा, मी बोटानं काढीन, त्याचाच फोटो वर जाईल. ळ असला तर असू दे.

नको असेल तर नको म्हणा, पण तुम्ही म्हणा. परवा रथसप्तमी. हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. त्या संध्याकाळपर्यंत फोन करा.