भीमेची वाळू, आपली लोकर आणि पोपटचा भूकंप

वडगाव रासाई,
मंगळवार

चि. हर्षदा हिस आप्पाचे अनेक आशीर्वाद.

तुझी तब्येत, झोप आणि मेसचं जेवण ठीक असेल असं धरून चालतो (फोनवर तू ‘हो’ म्हणतेस, ते मी धरत नाही). इकडे सर्व कुशल. सर्व म्हणजे मी आणि आठ मेंढ्या, आणि मेंढ्या स्वतःहून काही सांगत नाहीत.

परवा फोनवर तू रडलीस. आपल्या नदीकाठची वाळू तीन खेपांत तीन पोती नेली तरी निकाल जुळत नाहीत, आणि महिनाअखेर प्रबंध दिला नाही तर आणखी सहा महिने जातील, म्हणालीस. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. म्हटलं, प्रयोग आपणच करून बघावा. तू समजावलेलं पक्कं लक्षात होतं: भिजलेली वाळू भूकंपाने हादरली की तिची आमटी होते आणि वरचं घर खाली जातं, तिच्यात तंतू मिसळले तर ती धरून राहते. आता तंतू म्हणजे लोकर, आणि लोकरीतलं धनगराला कोण शिकवणार?

तिथेच घोटाळा झाला. तंतूंचे बोटाच्या पेराएवढे तुकडे लागतात, असं तू सांगितलं होतंस. पण चांगल्या लोकरीला कात्री लावायला हात धजेना (माझ्या आईने पाहिलं असतं तर घोंगड्यात गुंडाळून बडवलं असतं). मी ती धुतली, पिंजली आणि सवयीने टकळीवर तिचं झकास सूत कातलं. मग घमेल्यात वाळू, पाणी आणि सूत कालवून वर घर म्हणून वीट उभी केली. भूकंपाला शेजारच्या पोपटचा ट्रॅक्टर होता. घमेलं बॉनेटवर धरून मी उभा, आणि पोपट वरून विचारतोय, “आप्पा, भूकंप किती येळ ठिवायचा? मला औषिध माराया जायाचंय.” सुताचा एकच गोळा झाला, त्यात अडकून वीट आडवी पडली आणि पाणी सगळं माझ्या धोतरात.

शेवटी मन घट्ट करून कात्री लावली. नुसत्या वाळूच्या घमेल्यात वीट अर्धी बुडाली, लोकरीच्या घमेल्यात मात्र उभीच राहिली. हर्षदा, मला इतका आनंद झाला की सांगायला घरात पळालो. उंबऱ्यात आठवलं, आत कुणी नाही. तुझी आई जाऊन दोन वर्षं झाली तरी पाय तिकडेच वळतात. मग परत येऊन पोपटलाच सगळं सांगितलं. त्याने ते डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी बिचाऱ्याने ऐकून घेतलं.

तेव्हा तुझी विद्या खरी आहे. तुझ्या सरांना माझ्या नावाने सांगायला हरकत नाही.

तुझा,
आप्पा

ता. क. कातरलेली लोकर उशीच्या अभ्र्यात भरून पाठवतो आहे. काही तुकडे लांब निघतील. तिथे माझा धीर झाला नाही.

ता. क. दुसरा. दोष वाळूत आहे, आणि तो मी घातला. तू पहिल्याच वेळी म्हणाली होतीस की वाळू ठीक निघाली तर पुन्हा यायला नको. म्हणून तिन्ही पोत्यांत मी कमीजास्त ओंजळी मळईची, म्हणजे काठच्या गाळाची माती मिसळली. वाटलं, आणखी एका रविवारी पोरगी येईल, दोन घास सोबत खाईल. सहा महिन्यांचं मला ठाऊक नव्हतं गं. कारखान्याच्या काट्यावर तीस वर्षं बसलो, कुणाच्या उसाला दगा दिला नाही, आणि पोटच्या पोरीला दिला. हवं तेवढं रागाव.

ता. क. तिसरा. चौथं पोतं स्वतः धुऊन, चाळून पोपटच्या टेम्पोतून पाठवतो आहे. त्यासाठी तुला यावं लागणार नाही. काहीच काम नसताना येता येतं का, तेवढं कळव.